मदत हवी आहे: दोन कॉलर घेतले की एको, मिक्स-मायनस (कॉलरला त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं पाठवणारा मिक्स) कसा लावायचा?

अंधेरीतल्या आमच्या छोट्या रेडिओ स्टुडिओत जुना ॲनालॉग काढून 12 फेडरचा (फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) डिजिटल कन्सोल, म्हणजे मिक्सर, बसवलाय. एक कॉलर असला की मस्त चालतं, ऑक्स 1 (कन्सोलमधून वेगळा मिक्स बाहेर पाठवणारं आउटपुट) फोन हायब्रिडला (फोन लाइन कन्सोलला जोडणारा डबा) जातो आणि त्यात कॉलरचा स्वतःचा सेंड, म्हणजे त्या ऑक्समध्ये जाणारा त्याचा आवाज, बंद ठेवलाय. दुसरा कॉलर आला की घोळ, दोघांना तोच ऑक्स जातो, मग एकतर ते एकमेकांना ऐकू शकत नाहीत नाहीतर सेंड उघडला की स्वतःचाच आवाज उशिराने परत येतो, काल एक काकू लाइव्हवर भडकल्या, "कोण माझी नक्कल करतंय रे?"

माइक ऑन झाला की स्पीकर आपोआप म्यूट होतात, हेडफोन काढूनही बघितले, म्हणजे स्टुडिओतून लीक नाही. हायब्रिडचा नल (कॉलरला पाठवलेला आवाज परत येताना वजा करायची सेटिंग) परत सेट केला. सँपल रेट सगळीकडे 48 किलोहर्ट्झच आहे.

हायब्रिडला दोन्ही लाइनचे सेंड-रिटर्न वेगळे आहेत, ऑक्स 2 रिकामा आहे, नवीन काही घ्यायला पैसे नाहीत. ऑक्स 2 दुसऱ्या कॉलरला दिला तर दोन्ही ऑक्स प्री-फेडर (फेडर खाली असला तरी आवाज जातो) ठेवायचे की पोस्ट (फेडरप्रमाणेच जातो)? प्री ठेवले तर फेडर खाली असतानाची आमची बडबडपण कॉलरला जाईल ना?