व्हॅनमध्ये मोटरसायकल आणि पलंग : रात्री दोन्ही एकाच छताखाली असावेत का?

मानपाडेकर

ठाण्या-नवी मुंबईतल्या रायडर मंडळींत सध्या हाच विषय चालू आहे. जुनी फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर व्हॅन घ्यायची, आत दोन मोटरसायकली चढवायच्या, त्यांच्या डोक्यावर पलंग बांधायचा आणि निघायचं. व्हॅन हवीच, यावर माझं दुमत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवर बंदी आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंतच्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरही बंदी. आपल्या दाराशी आलेले तिन्ही मोठे रस्ते मोटरसायकलला बंद. कच्छला जायचं तर मनोर, सुरत, भरूच हा ट्रकांच्या रांगेतला पट्टा बाइकवर काढण्यात शीण सोडून काही हाती लागत नाही. बाइक चालवायची ती खावड्याहून धोळावीऱ्याला जाणाऱ्या, पांढऱ्या रणातून काढलेल्या रस्त्यावर. तिथपर्यंत तिला आरामात न्यावं, हे मला मनापासून पटतं.

माझा आक्षेप पलंगाच्या जागेला आहे. माणूस आणि पेट्रोलची टाकी रात्रभर एका बंद पेटीत नकोत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, फ्लोअरवर साचते. उणे ४० अंशांवरसुद्धा तिला ठिणगी पुरते आणि हवेत जेमतेम दीड टक्का झाली की ती पेट घेऊ शकते. आता व्हॅनच्या फ्लोअरवर आपण काय काय ठेवतो ते आठवा : इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, छोट्या फ्रीजचा कॉम्प्रेसर. ठिणगीची सगळी सोय खालीच.

म्हणून पलंग भिंतीला कब्ज्यांवर लावा. प्रवासात तो उभा, बाइक आत. मुक्कामाला पोचलं की आधी बाइक खाली, मग मागची दारं उघडी ठेवून अर्धा तास हवा, मग पलंग खाली. रोज उतरवायचा त्रास आहे, मान्य. तो घ्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

जुना_बुलेटवाला

मुळात हा खर्च कशासाठी? एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनस) किंवा कल्याणला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जा. टाकी रिकामी करा, आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत द्या, बाहेरचे लोक तरटात गुंडाळून देतात. गाडी दिल्लीला उतरते, तुम्ही मागून जा. आमच्या पिढीने लडाख असंच केलं. ज्यांना तेही नको त्यांनी थेट चालवत जावं. वाटेतला कंटाळासुद्धा प्रवासच असतो, तो डिझेलच्या डब्यात बसून टाळायचा असेल तर मोटरसायकल कशाला घेतली?

ऐरोलीकरीण

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, पार्सलची गाडी तुमच्याच दिवशी उतरेल याची खात्री कोणी देत नाही. नोकरीतून मोजून मिळालेली रजा दिल्लीच्या पार्सल ऑफिसबाहेर घालवणारे लोक मी पाहिलेत. आणि भाड्याने घ्या म्हणाल, तर मनालीतून भाड्याने घेतलेली बाइक लेहच्या आसपास फिरवू देत नाहीत, तिथली भाड्याची गाडी तिथूनच घ्यावी लागते. आपल्या नावावरची आपली गाडी असली की हा प्रश्नच येत नाही.

दुसरं, जे या विषयात पुरुष रायडर सहसा बोलत नाहीत. मी एक्सपल्स बाइक चालवते. माझ्या नवऱ्याला बाइकची आवड नाही, पण गाडी चालवायला आणि स्वयंपाक करायला आवडतो. व्हॅनमुळे आम्ही दोघं एकत्र जाऊ शकतो. हायवेवरच्या लॉजमध्ये रात्री कडी नीट लागते का, बाथरूमच्या खिडकीला काच आहे का, हे तपासत बसावं लागत नाही. स्वतःचा बिछाना, स्वतःचा टॉयलेट, आतून लावलेलं दार. भंडारदऱ्याला शेंडीत व्हॅन लावायची आणि पहाटे रतनवाडीपर्यंत धरणाच्या काठाकाठाने एकटीने बाइकवर जाऊन यायचं, हे सुख मला व्हॅनशिवाय मिळालं नसतं. त्यामुळे ‘मोटरसायकल कशाला घेतली’ हा प्रश्न मला लागला.

पण हा धागा सुरू करणाऱ्या मानपाडेकरांशीही मी पूर्ण सहमत नाही. सोळा आण्यांचा प्रश्न पावसाचा आहे. जुलैमध्ये चिखलात, अंधारात बाइक उतरवायची आणि रात्रभर बाहेर ठेवायची? चोरीचं काय?

रबाळे_फॅब्रिकेशन

हे काम मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक पहिल्यांदा येतात ते मोबाइलवर परदेशी गाड्यांचे फोटो घेऊन. तिथल्या व्हॅन आपल्यापेक्षा लांब आणि उंच असतात. आपल्याकडे टेप लावल्यावर चित्र बदलतं. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० बाइक घ्या : वजन १९६ किलो, लांबी सव्वादोन मीटरच्या जवळ, हँडल ८५० मिलिमीटर. एक्सपल्स तिच्यापेक्षा हलकी, पण लांबी-रुंदी जवळपास तीच. दोन हँडलं शेजारीशेजारी म्हणजे १७०० मिलिमीटर. विंगर कार्गोची आतली रुंदी १६४० च्या आसपास. म्हणजे दोन्ही गाड्या एकाच तोंडाने उभ्या राहतच नाहीत. एकीचं तोंड ड्रायव्हरकडे, दुसरीचं दाराकडे, अशा उलटसुलट लावाव्या लागतात.

आता उंची. आरसे आणि विंडशील्ड काढून, सस्पेन्शन दाबून बांधली तरी हँडल फ्लोअरपासून सव्वा मीटरच्या खाली फारसं जात नाही. त्यावर स्क्वेअर पाइपची फ्रेम, प्लाय आणि गादी. छत १९०० मिलिमीटरवर. हिशेब करा, गादी आणि छत यांच्यात पन्नास सेंटिमीटर उरतात. रेल्वेच्या वरच्या बर्थवर निदान मान वाकवून बसता येतं, इथे कुशीवर वळतानाही खांदा छताला लागतो. म्हणून दोन मोठ्या बाइकवर पलंग हा प्रकार मी करत नाही, स्पष्ट नाही म्हणून सांगतो. एक बाइक एका कडेला आणि दुसऱ्या कडेला सव्वादोन फुटी एकेरी पलंग, हे नीट बसतं.

पण ‘बाइक रोज उतरवा’ हे मला धोक्याचं वाटतं. दिवसभर गाडी चालवून हातपाय गळालेले असतात. दोनशे किलोची बाइक, ओली ॲल्युमिनियमची रॅम्प आणि उतरवणारा एकटा माणूस. अपघात होतात ते इथे. फ्लोअर साठ-पासष्ट सेंटिमीटरवर असेल आणि रॅम्प दोन मीटरची असेल तर उतार १७-१९ अंशांचा होतो. त्यावरून ब्रेक धरून मागे येताना पाय टेकायला जागा लागते, म्हणून रॅम्पला लागून पायासाठी वेगळी पाटी हवीच.

माझा उपाय : मागे बाइकची खोली वेगळी करा. मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची भिंत, सांध्यांना सीलंट, दाराला रबरी गॅस्केट. खोलीच्या फ्लोअरला दोन ठिकाणी जाळी, म्हणजे वाफ खालून बाहेर पडेल. त्या खोलीत एकही वायर नाही, एकही स्विच नाही. पलंग भिंतीच्या पुढे. बाइक रात्रभर आत, पावसातून आणि चोरापासून सुरक्षित.

आणि बांधणी. पट्टा हँडलला लावू नका. खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (हँडलखाली फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे, धरणारा जोड) मऊ लूप घाला, त्याला रॅचेट पट्टा. पुढे दोन, मागे दोन. फोर्क निम्म्यापर्यंत दाबायचा, पूर्ण आवळला की सील जातात. पुढचं चाक चॉकमध्ये (चाक अडकवायच्या खाचेत), गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँड वर. पट्टा अडकवायची कडी पत्र्याला सेल्फ-टॅपिंग स्क्रूने लावलेली असेल तर ती कडी नसल्यातच जमा. बोल्ट आरपार आणि खालून जाड प्लेट हवी. जोरात ब्रेक लागला तर दोनशे किलोची बाइक दीडशे किलोच्या जोराने पुढे खेचते. टक्कर झाली तर त्याच्या कितीतरी पट. आणि पुढे आपलं माणूस बसलेलं असतं.

मानपाडेकर

तुमचा अनुभव मोठा आहे, बांधणीबद्दलचं प्रत्येक वाक्य पटलं. पण गॅस्केटवर माझा भरवसा नाही. नवी असताना भिंत बंद असते. कसारा घाटाचे खड्डे आणि मे महिन्याचं ऊन खाऊन दोन वर्षांनी तेच रबर कडक होतं, सांधा किंचित सुटतो, आणि सुटलाय हे कळत नाही कारण नाकाला वासाची सवय होते. बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांतल्या) बाइकला वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर असतो, म्हणून ‘नवी गाडी वास मारत नाही’ असं लोक सांगतात. पण भरलेली टाकी बंद व्हॅनमध्ये तापली की कॅनिस्टरलाही मर्यादा आहे.

पावसाचं म्हणाल तर व्हॅनच्या कडेला ताडपत्री आणि बाइकला चाकातून फ्रेमपर्यंत साखळी. रात्री ती आवाजाच्या अंतरावरच असते.

ऐरोलीकरीण

तुमच्या ताडपत्रीवर रात्रभर कोसळणारा मान्सून तुम्ही धरलेला नाही. मला भिंतीचा उपाय जवळचा वाटतो, फक्त दोन गोष्टी जोडून : टाकी पावपेक्षा जास्त भरून आत चढवायची नाही, आणि झोपायच्या भागात फ्लोअरपासून वीतभर उंचीवर गॅस अलार्म. आम्ही स्वयंपाकाला पाच किलोचा सिलिंडर ठेवतो, त्यासाठीही तो लागतोच. एलपीजीसुद्धा खालीच साचतो.

पनवेल_कोर्ट

सगळे मोजमापं करताय, पण कायद्याकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रवासी म्हणून नोंदलेल्या ट्रॅव्हलरच्या सीट उखडून पलंग ठोकणं यातच येतं.

मार्ग नाही असं नाही. मोटर कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) असा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. टेबल-खुर्ची, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा हे सगळं त्यात अपेक्षित आहे. मान्यता असलेल्या बिल्डरकडून करून घेतलंत तर आरसीवर तशी नोंद होते. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरणही २०२१ पासून आहे. लायसनची भीती मात्र काढून टाका, साडेसात टनांपर्यंत एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन) चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने ते पक्कं झालंय.

अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिलं काय बघतो? आरसी आणि गाडी जुळते का. तेव्हा पत्र्याची भिंत कितीही चांगली असली तरी क्लेम अडकतो.

रबाळे_फॅब्रिकेशन

वकीलसाहेब, बरोबर. पण एका माणसाच्या एका गाडीसाठी मान्यतेचा खर्च किती जड जातो, तेही लिहा. सामान्य माणसासाठी ही वाट सोपी करा, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. तोपर्यंत मी एवढंच करतो : बॉडीला कापाकापी नाही, कंपनीने दिलेले बोल्टचे भोक वापरायचे, पलंग आणि भिंत दोन्ही सुटे होऊन उतरले पाहिजेत.

पनवेल_कोर्ट

सुटं केलं म्हणजे कायद्यात बसलं असं कृपया कुणी समजू नका. बांधण्याआधी आरटीओत लेखी विचारा. ठाण्यात नोंदणी असेल तर एमएच-०४, वाशीची असेल तर एमएच-४३, ज्याचं त्याने.

खारघर_टेकडी

आणि ही धूड उभी कुठे करणार? आमच्या सोसायटीत पोडियमच्या तोंडाला आडवा बार आहे, एसयूव्हीवरचं कॅरिअरसुद्धा घासतं. उंच व्हॅन रस्त्यावर लावली की शेजारी तक्रार करतात, आणि त्यांचंही चूक नाही, सेक्टरच्या आतले रस्ते आधीच भरलेत. वर्षातले बहुतेक दिवस उभी राहणाऱ्या गाडीने सगळ्यांची जागा अडवावी हे मला पटत नाही. उंच व्हॅन नकोच, मागच्या बंपरला लोखंडी रॅक लावा, साध्या गाडीमागे एक बाइक टांगा. पेट्रोलही बाहेर, पलंगही आत.

रबाळे_फॅब्रिकेशन

पार्किंगचं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण रॅक मुळीच नको. ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ट्रॅव्हलर धरा. दोनशे किलोची बाइक मागच्या ॲक्सलपासून दीड मीटर मागे टांगली तर मागच्या चाकांवर दोनशे नाही, २९० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ९० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं होतं. विंगरला तर इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर आहे, ओल्या घाटात चढावर तीच चाकं सुटायला लागतात. साध्या कारची गोष्ट तर सोडाच. तीच बाइक आत, पुढे सरकवून बांधली की तिचा मध्य मागच्या ॲक्सलच्या आसपास किंवा पुढे येतो.

जुना_बुलेटवाला

ऐरोलीच्या ताई, तुम्हाला बोचलं असेल तर तो हेतू नव्हता. रतनवाडीचं वाचून बरं वाटलं. माझं मत मात्र तेच, बाइक चालवत न्यावी.

मानपाडेकर

रबाळेवाले दादा, एक बाइक आणि शेजारी एकेरी पलंग, हा आराखडा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. फक्त त्यात भिंत कुठे घालणार? लांबीत उभी भिंत घातली तर झोपणाऱ्याची बाजू सत्तर सेंटिमीटरची बोळ होते, आणि भिंत नसेल तर माझा मूळ आक्षेप जागच्या जागी आहे. भिंत आडवी घालून बाइक तिरकी उभी राहते का?

रबाळे_फॅब्रिकेशन

तिरकी राहते, पण सव्वादोन मीटरच्या बाइकला १६४० च्या रुंदीत बसवायला मागचा पावणेदोन मीटर तरी तिलाच द्यावा लागतो. उरलेल्यात आडवा पलंग टाकायचा तर तुमची उंची पाच फूट तीन इंचांच्या आत हवी. नाहीतर पाय कपाटाच्या आत जातील असा उभा पलंग. गाडी घेऊन या, पण त्याआधी कळंबोलीला वजनकाट्यावर रिकामी व्हॅन दोनदा तोला, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा फक्त मागची. दोन्ही पावत्या आणा. आकडे बघितल्याशिवाय मी एकही पाइप कापणार नाही.