'द्विगुणित' म्हणजे दुप्पट का?

खर्डेघाशी: अमेरिकेतल्या भांग-लागवडीवरचा लेख मराठीत करतेय. भांगेच्या पेशीत २० गुणसूत्रं, दहादहाचे दोन संच, म्हणून 'द्विगुणित' लिहिलं. कोल्चिसिन हे रसायन लावून ४० केली की 'चतुर्गुणित', दोघांच्या संकरातलं ३० वालं 'त्रिगुणित'. संपादकांनी 'द्विगुणित' खोडून सगळीकडे 'दुप्पट' केलंय. आता साधं रानातलं झाडच दुप्पट, आणि ते पुन्हा दुप्पट करायचं! काय लिहू?

बांधावरून: त्यांचं काय चुकलं? लग्नपत्रिकेत 'आनंद द्विगुणित' होतो तेव्हा दुप्पटच होतो ना?

शुद्धमती: पत्रिकेसाठी शास्त्र वाकवायचं? गुण म्हणजे मुळात दोऱ्याचा पेड. द्विगुण म्हणजे दोन पेडांचं.

सुतळीतोडा: मग सरळ दुपेडी, तिपेडी, चौपेडी म्हणा की. आजोबा दोर वळायचे. टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून तिसरा पेड भरताना कुणाशी बोलायचे नाहीत.

खर्डेघाशी: अहो, डीएनए आधीच दुपेडी आहे. दुपेडी रेणूंचं चौपेडी झाड?

बांधावरून: तिपेडीला बी जवळपास धरतच नाही ना, बिनबियांच्या कलिंगडासारखं? 'वांझ' लिहा, शेतकऱ्याला लगेच कळेल.

शुद्धमती: केळंही त्रिगुणितच. केळीला वांझ म्हणता का? आणि तिकडे ते मुद्दाम लावतात. शेजारच्या शेतातला पराग वाऱ्यावर आला की मादी फुलं बी धरतात, अर्क घटतो. 'वांझ' म्हटलं की दोष वाटतो.

रानफूल: कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं बरं का! आमच्याकडे ती घरात आणू देत नाहीत, भांडणं लागून वाटण्या होतात म्हणून. इथे उलटंच. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे ती जुळू देत नाही. वाटणीच होत नाही, सगळा ऐवज एकाच घरात.

खर्डेघाशी: हे लेखात घालते! पण शब्द?

घाटमाथा: मूळ शब्द 'हेंप' असेल तर भांग कशाला? ताग लिहा.

सुतळीतोडा: ताग निराळा हो! पिवळ्या फुलांचा, फुलोऱ्यात आला की आम्ही नांगरून गाडतो.

घाटमाथा: बरं, मग अंबाडी. वाख तिचाच निघतो.

बांधावरून: वाख घायपाताचा. अंबाडीची भाजी.

घाटमाथा: भाजी पानांची, वाख सालीचा. आमच्याकडे बैलाची वेसण अंबाडीच्याच वाखाची असायची.

सुतळीतोडा: किती पेडांची?