रीमा लागू म्हणजे फक्त ‘आई’? मला पटत नाही

दाजीपेठची लेक

परवा जुळे सोलापुरात एका महिला मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. मराठी अभिनेत्रींवर छोटा कार्यक्रम होता. पडद्यावर फोटो यायचा, माईकवर एक ताई दोन वाक्यं बोलायच्या. रीमा लागूंचा फोटो आला, खाली लिहिलेलं: ‘हिंदी सिनेमाची लाडकी आई’. सलमानची आई, माधुरीची आई, संजय दत्तची आई. टाळ्या झाल्या आणि लगेच पुढचा फोटो. मी शेजारच्या काकूंना म्हटलं, अहो, आणि कोकी? त्या म्हणाल्या, कोण कोकी?

ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९९४ साली दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली. शेजारी-शेजारी राहणारी दोन जोडपी. केशव कुलकर्णी (जतीन कनाकिया) शेजारच्या प्रेमावर (अर्चना पूरणसिंग) भाळलेला, आणि प्रेमाचा नवरा दिलरुबा (राकेश बेदी) केशवच्या बायकोवर. ती बायको म्हणजे कोकिला, कोकी. रीमाताई.

माझं म्हणणं एवढंच, की त्यांचं सगळ्यात अस्सल काम ते होतं. आईच्या भूमिका त्यांनी छान केल्या, वाद नाही. पण जरा वयाचा हिशेब मांडा. रीमाताईंचा जन्म १९५८ चा, म्हणजे १९९४ मध्ये त्या ३६ वर्षांच्या. त्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यात त्या माधुरीच्या आई. त्याच वर्षी ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली, त्यात सुप्रिया पिळगावकरची सासू, आणि सुप्रिया त्यांच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी लहान. पुढे १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, तो तर एकाच वर्षानं लहान! या सगळ्या गर्दीत कोकी तेवढी त्यांच्या स्वतःच्या वयाची होती. शाळेत जाणारा एक मुलगा, डोक्याला ताप देणारा नवरा आणि ‘अजून मी छान दिसते’ हे मनातल्या मनात माहीत असलेली बाई. ३६ वर्षांच्या बाईला ३६ वर्षांची बाई होता आलं, ते तिथेच.

आता माझ्या घरचं सांगते. आम्ही दाजी पेठेत राहायचो. आई विड्या वळायची, दिवसाला हजार. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. घरी तेलुगू. मराठी तिला बाजारापुरतं यायचं आणि हिंदी त्याहून कमी. मालिका लागली की मी शेजारी बसून तिला तेलुगूत सांगायची, आता हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. माझं सांगून होईपर्यंत आई हसून मोकळी झालेली असायची. दिलरुबा दारात येऊन कोकीचं कौतुक करायला लागला की रीमाताई आधी नुसत्या ऐकायच्या. मग मान थोडी खाली, गालात हसू, ते हसू दाबायचा प्रयत्न, आणि तेवढ्यात केशवचा आवाज आला की चेहरा एकदम वाण्याची यादी वाचल्यासारखा कोरडा. तेवढ्या वेळात आईचा हात थांबायचा. विडीवर अर्धा दोरा गुंडाळलेला, बोट तिथंच. हजार विड्यांत हात थांबवणं आईला परवडत नव्हतं ओ. तरी थांबायचा.

१८ मे २०१७ ला रीमाताई गेल्याची बातमी टीव्हीवर आली. वय ५८ फक्त. बातमीत ‘मैंने प्यार किया’ची दृश्यं दाखवत होते. आई फोटोकडे बघून म्हणाली, कोकी गेली.

तुम्हाला काय वाटतं?

चादरवाला

ताई, तुमच्या आईंची गोष्ट वाचून गलबललो. पण मुद्दा नाही पटला.

‘फक्त आई’ असं म्हणून तुम्ही त्या कामाला कमी लेखताय. रीमा लागूंच्या आधीची हिंदी पिक्चरमधली आई आठवा. पांढरी साडी, शिलाई मशीन, खोकला. मुलगा कमवून आणेपर्यंत रडत बसणारी. ‘मैंने प्यार किया’त १९८९ ला जी आई आली तिच्याशी पोरगं मैत्रिणीसारखं बोलतं. ती त्याच्या बाजूनं नवऱ्याशी वाद घालते. लोकांना घरात अशी आई हवी होती, ती त्यांना पहिल्यांदा पडद्यावर दिसली.

आणि ‘वास्तव’चा शेवट? आई स्वतःच्या हातानं पोराला गोळी घालते. मी मित्रांबरोबर टॉकीजमध्ये बघितला होता. आमचा ग्रुप म्हणजे पहिल्या सीनपासून शिट्ट्या मारणारा. त्या सीनला एकाच्या तोंडून आवाज निघाला नाही. बाहेर आल्यावर पार्क चौकापर्यंत कुणी बोललं नाही बे. वयाचा हिशेब कसला करता? एका वर्षानं लहान माणसाची आई वाटली, हाच तर अभिनय.

दाजीपेठची लेक

@चादरवाला, वाटली हे खरं, आणि ते त्यांचं श्रेय. पण ३१ व्या वर्षी सलमानची आई केली आणि पुढे सगळे निर्माते तेच घेऊन दारात. फिल्मफेअरला चार वेळा नामांकन मिळालं, चारही वेळा सहायक अभिनेत्री म्हणून, आणि एकदाही पुरस्कार नाही. त्याच वयाचे हिरो नायिकांबरोबर नाचत होते. मला राग येतो तो याचा.

रंगभवन जवळचा

तुम्ही दोघंही अर्ध्यातून सुरुवात करताय, म्हणून थोडं मागचं सांगतो.

मी १९८० च्या दशकात नोकरीनिमित्त मुंबईत होतो. शनिवार-रविवार शिवाजी मंदिर ठरलेलं. जयवंत दळवींचं ‘पुरुष’ तिथंच पाहिलं, नाना पाटेकर आणि रीमा लागू. अंबिका नावाच्या शिक्षिकेवर अत्याचार होतो आणि पुढे ती काय करते, याचं नाटक. मध्यंतरात लोक चहाला बाहेर आले, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नंतर ‘सविता दामोदर परांजपे’. साधी गृहिणी बोलता बोलता दुसरीच बाई होते. प्रकाश बदलत नाही, संगीत वाजत नाही, नुसता आवाज खाली उतरतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, हे मला आजही दिसतं.

या बाईचं माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे, ‘लेकुरे उदंड जाली’मुळे नाव झालेल्या. म्हणजे नाटक घरातच. वर जवळपास दहा वर्षं बँकेत नोकरी, आंतरबँक स्पर्धांत नाटकं, सोबत व्यावसायिक रंगभूमी. सकाळी काउंटर, संध्याकाळी प्रयोग. अशी तयारी झालेली नटी होती ती. तिला तुम्ही आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या मालिकेवरून तोलताय. कोकी चांगली होती हो. पण ज्यानं ‘पुरुष’ पाहिलं त्याला कोकी म्हणजे मोठ्या गवयानं जाता जाता घेतलेली एक तान.

दाजीपेठची लेक

काका, तुम्ही जे पाहिलं ते मला बघायला मिळालं नाही आणि मिळणारही नाही, त्यामुळे त्यावर मी बोलणार नाही. पण तान म्हणून सोडून देऊ नका.

तुम्ही सांगता तो आवाज खाली उतरणं, तेच तर कोकीत होतं. फक्त तिथं माणसं घाबरायची, इथं हसायची. नाटकात समोर हजार माणसं असतात, हशा येतो, नट थांबतो, हशा ओसरला की पुढचं वाक्य. मालिकेत समोर कॅमेरा. कुठं किती थांबायचं हे मनानं ठरवायचं. रीमाताई थांबायच्या आणि दाजी पेठेतल्या आमच्या खोलीत बरोबर तिथंच हसू यायचं. तुमच्या शिवाजी मंदिरातली शिस्त त्यांनी तशीच आमच्या घरापर्यंत आणली. विड्या वळणाऱ्या बाईला नाटकाचं तिकीट कोण काढून देणार होतं, सांगा.

रंगभवन जवळचा

हे मान्य. तिकिटाचं तर पूर्ण मान्य.

मानसी, होटगी रोड

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

लॉकडाऊनमध्ये मुलीबरोबर ‘श्रीमान श्रीमती’ परत बघायला बसले. लहानपणी फार आवडायची. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत मुलीनं विचारलं, आई, हा रोज शेजारच्या बाईकडे असा बघतो आणि सगळे हसतात कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो नवरा लाळघोटेपणा करतो, बायको कपाळाला हात लावते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कोकीचं दुखणं कधी कुणी विचारतच नाही. रीमाताईंनी ते सुंदर केलं म्हणूनच ते आपल्याला खपलं. उत्तम नटीनं केलं की वाईट गोष्टही गोड लागते.

आणि ‘तू तू मैं मैं’बद्दल तर बोलायलाच नको. सासू-सून म्हणजे भांडणारच, नवरा बिचारा मध्ये अडकलेला. हे घराघरात बसवायला त्या मालिकेनं हातभार लावला असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या सगळ्या सासू-सून मालिकांचं मूळ तिथं आहे.

दाजीपेठची लेक

मानसीताई, केशवबद्दल तुमचं खरं आहे. मुलीनं विचारलेला प्रश्न बरोबर आहे आणि मलाही उत्तर देता येणार नाही.

‘तू तू मैं मैं’ला मात्र २००० नंतरच्या मालिकांच्या रांगेत बसवू नका. त्या रोजच्या. त्यात रडणं, कट-कारस्थान, वाजणारे ढोल. सचिन पिळगावकरांच्या या मालिकेत दोघी तोडीस तोड होत्या. आज सासू जिंकली तर पुढच्या भागात सून. कुणी कुणाला घराबाहेर काढत नव्हतं, विष घालत नव्हतं. हरलेली बाईसुद्धा ताठ मानेनं स्वयंपाकघरात जायची. सासूला विनोद करू दिला, हेच त्या वेळी थोडं होतं का? आधीची सासू म्हणजे नुसती खलनायिका.

बाळीवेस

खलनायिकेचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावच्या शशिकलाबाईंना विसरू नका. जन्म सोलापूरचा, १९३२ चा. लहानपणीच घरची परिस्थिती बिघडली म्हणून कामाला लागल्या. ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी फिल्मफेअर घेतलं, २००७ ला पद्मश्री. तरी लोकांनी शेवटपर्यंत त्यांना ‘ती दुष्ट बाई’च केलं. २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा बातम्यांत पुन्हा तेच, हिंदी सिनेमाची खलनायिका. मदर तेरेसांच्या संस्थेत त्यांनी सेवा केली, ते शेवटच्या ओळीत.

रीमाताईंना चांगुलपणाचा शिक्का बसला आणि शशिकलाबाईंना वाईटपणाचा. शिक्का तो शिक्काच. मूळ लिहिणाऱ्या ताईंशी मी सहमत आहे. सोलापूरकरांनी तरी हे समजून घ्यायला पाहिजे.

चादरवाला

शशिकलाबाईंचं पटलं. पण ते नाव दुसऱ्यांनी चिकटवलेलं, आणि ‘आई’ हे नाव लोकांनी प्रेमानं दिलेलं. दोन्ही एकाच तराजूत घालू नका. रीमा लागू शेवटपर्यंत काम करत होत्या, ‘नामकरण’ मालिकेचं शूटिंग चालू असतानाच गेल्या. त्या आईच्या भूमिकांमुळेच तर कामं येत राहिली. कोकी करून किती दिवस घर चाललं असतं? १९९९ ला जतीन कनाकियाच गेले, ती जोडीच संपली.

दाजीपेठची लेक

घर कशावर चाललं हा मुद्दा मी नाकारत नाही. माझी आईसुद्धा आवडीनं विड्या वळत नव्हती. पण ती गेल्यावर कुणी ‘एक विडी कामगार’ एवढंच लिहिलं तर मला चालेल का? ती रांगोळी काढायची, गल्लीत कुणाचंही लग्न असलं की मापाशिवाय ब्लाउज शिवून द्यायची. ते कुठं जाणार?

चादरवाला

हे मात्र लागलं ताई. बरं, तुमच्या मंडळाचा पुढचा कार्यक्रम असेल तर मी प्रोजेक्टर आणतो, दुकानात आहे. कोकीचा एक भाग लावू. पण ‘वास्तव’चा शेवटही लावायचा, ही माझी अट.

रंगभवन जवळचा

आणि मला दहा मिनिटं द्या ‘पुरुष’वर बोलायला. दहाची पंधरा होतील, आधीच सांगतो.

मानसी, होटगी रोड

मी येईन. मुलीलाही आणेन, तिचा प्रश्न तिलाच विचारू दे सगळ्यांसमोर.

एक विचारायचं होतं. तुमच्या आईंना कोकी आवडायची हे कळलं. ‘तू तू मैं मैं’ही आवडायची का त्यांना?

दाजीपेठची लेक

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी आठवलं नव्हतं आणि मग आठवलं.

नाही. आजी तेव्हा घरातच असायची, कॉटवर, टीव्हीच्या समोर. आजीला ती मालिका फार आवडायची, मोठ्यानं हसायची. ती लागली की आई सूप बाजूला ठेवून उठायची आणि घागर घेऊन पाणी भरायला जायची. नळाला पाणी आलेलं नसलं तरी.