शब्दचर्चा : ‘ट्विस्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

अडलेला भाषांतरकार : कोशात ‘ट्विस्ट’समोर पिळणे, मुरडणे, मुरगळणे, पिरगळणे, वळणे अशी रांगच आहे. कुठला शब्द कधी? सध्या सूतकताईच्या एका पुस्तिकेत ‘ट्विस्ट पर इंच’, ‘हाय ट्विस्ट यार्न’ आणि ‘एस’ व ‘झेड ट्विस्ट’ यांवर गाडी अडली आहे.

ताणाबाणा : सुताच्या बाबतीत क्रियापद सोडा, नाम धरा : पीळ. ‘इंचाला पीळ किती’ असं लिहिलंत की कुणीही समजेल. ‘हाय ट्विस्ट’ म्हणजे जास्त पिळाचं सूत. ‘पीळदार’ मात्र लिहू नका. ते दंडाला आणि मिशीला शोभतं.

पुस्तिकेत हिशेब येईलच, तो असा : सुताच्या इंग्रजी नंबराचं (सुताच्या बारीकपणाचं माप, नंबर मोठा तितकं सूत बारीक) वर्गमूळ गुणिले पिळाचा गुणक. ३६ नंबरचं सूत घ्या, वर्गमूळ ६. ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसाठी, गुणक साधारण ४ धरला तर इंचाला २४ पीळ. होजिअरीसाठी ३.५ धरला तर २१. ताण्याला मागावर ओढ सोसायची असते म्हणून पीळ जास्त, बनियनचं कापड मऊ हवं म्हणून कमी. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून सरकतात आणि धागा तुटतो. वाढवत नेला तर एका मर्यादेपर्यंत ताकद वाढते, पुढे उलट घटते आणि सैल सोडलेला धागा स्वतःभोवतीच गुंडाळतो. टी-शर्टची बाजूची शिवण दोन-चार धुण्यांत तिरकी होऊन पोटाकडे सरकते ना? त्याचं नेहमीचं कारण हेच : सुतात पीळ जास्त राहिलाय आणि तो उकलायला बघतोय.

अडलेला भाषांतरकार : आणि ‘एस’, ‘झेड’? उजवा-डावा पीळ म्हटलं तर?

ताणाबाणा : नको, घोटाळा होतो. कातणाऱ्याचा उजवा की बघणाऱ्याचा? ‘एस पीळ’, ‘झेड पीळ’ असंच ठेवा. धागा उभा धरायचा. तंतू डावीकडून खालून उजवीकडे वर चढताना दिसले तर ते ‘झेड’ अक्षराच्या मधल्या रेघेसारखे, म्हणून झेड पीळ. उलट तिरपे दिसले तर एस. धागा उलटापालटा केला तरी यात फरक पडत नाही, म्हणून ही खूण पक्की. एकेरी सूत बहुधा झेड असतं आणि दुहेरी करताना एस पीळ देतात. दुसऱ्या पिळाने पहिला थोडा उकलतो, दोन्ही एकमेकांना अडवून धरतात आणि धागा शांत राहतो.

सुंभ : दोरखंडाचं गणित हेच. पेड एका दिशेने वळायचे, ते एकत्र गुंफताना उलट दिशेने. सगळं एकाच दिशेने वळलं तर हात सोडताच दोर उलगडेल. पण इथे क्रियापद ‘वळणे’ : दोरी वळतात, वात वळतात. पीळ ‘भरतो’, ‘बसतो’, ‘उकलतो’. वातीत तो फार घट्ट बसला तर तेल वर चढत नाही आणि समई मिणमिणते. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ या म्हणीतला पीळही हाच.

कोशातला कीटक : उरलेल्या क्रियापदांत ‘कोण कुणाला’ ते बघा. पाय मुरगळतो, आपला आपण. मान मुरगाळतात, दुसऱ्याची. एका कान्याने अकर्मकाचं सकर्मक झालं. कान आणि हात पिरगळतात : धरून, दुखवायच्या हेतूने. मुरडण्यात कड किंवा टोक दुमडून वळवणं आलं : करंजीला मुरड, नापसंतीचं नाक. आतड्याला मात्र पीळच पडतो. बोलण्याचा ‘ट्विस्ट’ म्हणजे विपर्यास, कथेतला म्हणजे कलाटणी. ‘वळण’ त्यापुढे मिळमिळीत वाटतं.

जोडारी : बाटलीचं झाकण यातल्या कशातच बसत नाही. ते फिरवतात, कारण त्याला आटे असतात. नेटवर्कच्या केबलमधल्या तारांच्या जोड्यांना मात्र पीळच. कनेक्टर बसवताना तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये. उकलला तर एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपायला लागतो.

अडलेला भाषांतरकार : मग पेयांच्या पाककृतीत ‘ट्विस्ट ऑफ लेमन’ येतं, त्याला ‘लिंबू पिळून’ चालेल?

कोशातला कीटक : अजिबात नाही. मराठीत लिंबू पिळलं की रस आला. इथे रसाचा थेंबही नको असतो. सालीची पातळ पट्टी काढून पेल्यावर मुरडतात, तिच्यातलं सुगंधी तेल पेयावर उडतं आणि मग पट्टी आत सोडतात. ‘लिंबाची साल मुरडून’ लिहा.

ताणाबाणा : आणि साल जाड सालीच्या पिवळ्या लिंबाची, म्हणजे ‘लेमन’ची, हेही लिहा. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ की पट्टी धड निघत नाही.