गाण्याला रखवालदार, आधार कार्ड वाऱ्यावर

बर्डीकर
पोराच्या स्कॉलरशिपला उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणून नागपुरात बर्डीवर झेरॉक्सला गेलो. काउंटरवर पाटी : 'फाइल या नंबरवर पाठवा'. आधार, पासबुक, सगळं पाठवलं. प्रिंट निघेपर्यंत सहज स्क्रीनकडे पाहिलं, तर खाली सरकवत जावं तितके लोकांचे आधार. एका काकूंचा पत्ता तर मला उभ्या उभ्या वाचता आला. "माझं डिलीट कर ना भाऊ" म्हटलं, तर पोरगा म्हणे, "महिनाअखेरी करतो काका, सगळे एकदमच."

त्याच रात्री भाचीच्या वरातीचा व्हिडिओ चढवला. मागे डीजेवर सिनेमाचं गाणं. पाच मिनिटांत आवाज बंद! गाण्याला एवढा पहारा आणि माझ्या आधारला कुत्रं विचारत नाही. इंटरनेटचे कायदे पैसेवाल्यांसाठीच होतात, हे माझं मत. पटत नसेल तर बोला.

काळा_कोट
नाही पटत. आवाज बंद केला तो व्हिडिओवाल्या कंपनीच्या यंत्राने, कायद्याने नव्हे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ उलट वरातीत गाणं वाजवायला मोकळीक देतं. ती वरातीपुरती, जगाला व्हिडिओ दाखवायला नाही. लेखी तक्रार आली तर ३६ तासांत मजकूर हटवायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत ठेवता येतो. खासगीपणाचं म्हणाल, तर खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे : नऊ न्यायमूर्ती, एकमत, त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे. २०२३ चा डेटा कायदा सांगतो, काम झालं की माहिती पुसा. त्या कायद्यातला सर्वांत मोठा दंड २५० कोटींपर्यंत.

तर्री_जास्त
२५० कोटी! त्या झेरॉक्सवाल्याजवळ अडीचशेचे सुट्टे नसतात बाप्पा. कायदा २०२३ चा, नियम यायलेच नोव्हेंबर २०२५ उजाडला, अन् पुसायचं बंधन लागू व्हायले त्याच्या पुढं १८ महिने. दंड भरला तरी जाते कुठं? सरकारच्या तिजोरीत. आयटी कायद्यातल्या ४३अ खाली भरपाई तरी मागता येत होती, नव्या कायद्यानं तेच कलम काढायले घेतलं. ज्याचं आधार गेलं त्याले काय, घंटा?

अर्जदार
मला वेगळीच भीती आहे. याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही मिळायची, ती अट त्या कलमातून गेली. उद्या मी रस्त्याच्या ठेकेदाराचं बिल मागितलं की बाबू म्हणणार, 'वैयक्तिक आहे'.

काळा_कोट
कलम ८(२) शाबूत आहे. जनहित त्यात येतं.

अर्जदार
कागदावर आहे हो. अपिलात वर्ष जातं, तोवर रस्ता उखडलेला असतो.

मेसचा_डबा
पण सगळंच पैसेवाल्यांचं, हे मान्य नाही. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' आठवा. काही ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. तेव्हा होस्टेलवर होतो, मेसमध्ये ताट बाजूला सारून आम्ही ट्रायला, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, ईमेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने साइट पाहून वेगवेगळा दर लावायला बंदी घातली. एवढ्या मोठ्या कंपनीला माघार घ्यावी लागली.

तर्री_जास्त
तुमच्या होस्टेलात वायफाय होतं भाऊ. माझ्या गावी तेव्हा एक जीबीचा पॅक परवडत नव्हता. फुकटचं बंद करून जिंकलं कोण?

मेसचा_डबा
फुकट काय दाखवायचं ते कंपनी ठरवणार होती, तुम्ही नाही.

बर्डीकर
यंत्राचं चुकलो, मान्य. बाकी माझं मत तेच. आज पुन्हा दाखल्यासाठीच गेलो होतो, या वेळी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार पेनड्राइव्हवर घेऊन. पोरानं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, आकडे तर दिसूनच नाही राहिले. पूर्णवालं पाठवा ना, त्याच नंबरवर."