ध्यानाची बैठक जमतेय, पण शॉपवर गेलं की पारा चढतोच, काय करावं?

उद्यमनगरवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या आळत्याच्या केंद्रावर दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलोय, त्याला आता बरेच महिने झाले. सकाळची बैठक घरात होते, संध्याकाळची कधी होते कधी नाही कारण नेमके त्याच वेळी पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन येतात. बैठकीत काय अडचण नाही बघा, गुडघा ठणकला तरी न हलता बघत बसता येतं. पण माझ्या मशीन शॉपचं शटर वर केलं की सगळं गायब.

व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, दुसऱ्यांचे पार्ट करून द्यायचं जॉबवर्क करतो मी. परवा ऑपरेटरनं ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा आकडा चुकीचा टाकला, बोअर (भोक) ओव्हरसाइज, आणि कास्टिंग पार्टीचं, म्हणजे भुर्दंड आपल्याच बोडक्यावर. पोरगं बोअर गेज हातात धरून समोर उभं आणि माझा पट्टा जो सुटला तो शेजारच्या शॉपपर्यंत ऐकू गेला. आता पोरं आपसात म्हणत्यात, "मालक शिबिराला जाऊन आल्यात, जरा जपून." माझा प्रश्न एवढाच की त्या सेकंदाला नक्की करायचं काय? मशीनपुढं डोळे मिटून बसू काय? आणि दुसरं म्हणजे मन ढळू द्यायचं नाही, समता समता म्हणत सगळं सोडून दिलं तर धंदा कसा चालायचा?

सिस्टरबाई

दादा, तो सेकंद गाठायला गेलात तर उशीरच होणार. मी नर्स आहे, वॉर्डात पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त अंगावर येतात, त्यामुळं हा विषय माझ्या रोजचा आहे. राग तोंडात येतो त्याच्या खूप आधी तो अंगात आलेला असतो. माझा जबडा आवळतो आणि मानेमागं गरम होतं, हे मला आधी माहीतच नव्हतं, आता कळतं. तुमचं कुठं सुरू होतं ते शोधा, कानाच्या पाळ्या तापतात की पोटात गोळा येतो की हात थरथरतात. शिबिरात डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघायला शिकवतात ते याच्यासाठीच हो, नाहीतर टाळूवर मुंग्या आल्या काय आणि नाही आल्या काय, काय फरक पडतो?

मी काय करते सांगते. प्रत्येक पेशंटनंतर हात धुवावेच लागतात, तर नळाखाली हात असेपर्यंत लक्ष नाकपुड्यांपाशी, श्वास आत चाललाय का बाहेर एवढंच. कुणाला कळतही नाही. दिवसभर असं थोडं थोडं केलं की जबडा आवळला की लगेच लक्षात येतं. तुमच्याकडं जॉब क्लॅम्प करताना, मशीनची सायकल स्टार्ट केल्यावर असे मोकळे क्षण भरपूर असतील. तरीपण कधीकधी सुटतंच तोंड, खोटं कशाला बोलू.

पेठेतला_पोरगा

भावा सिंपल आहे, राग आला की मोठ्ठा श्वास घ्यायचा, दहा आकडे मोजायचे आणि रंकाळा तलावावर एक चक्कर मारून यायचं. विषय कट.

आनापान

वरच्या भावाला एक सांगतो, मोठा श्वास घेणं हा प्राणायामाचा भाग झाला. गोयंका गुरुजींच्या पद्धतीच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस जे आनापान, म्हणजे श्वास बघणं असतं त्यात श्वास मुद्दाम लांब करायचा नसतो, जसा येतोय तसा बघायचा, उथळ तर उथळ. दोन्हीची खिचडी करू नका असं तिथं स्पष्ट सांगतात. आता श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके थोडे खाली येतात हेही खरं आहे, त्यामुळं शॉपवर भडका उडायच्या बेतात असताना तेवढं केलं तर पाप लागणार नाही, बैठकीत मात्र नको.

मालक, तुमचा खरा मुद्दा अधिष्ठानाचा आहे. चौथ्या दिवसापासून तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसवतात ना, तेव्हा नाकावर खाज सुटते, जीव कासावीस होतो आणि खाजवलं नाही तरी थोड्या वेळानं ती आपसूक जाते. ऑपरेटरवर ओरडायची जी उबळ येते ती पण अशीच चढते आणि उतरते. ती दाबायची नाही. दाबली की ती घरी बायकोवर निघते, हा माझ्या घरचा अनुभव. ती अंगात कशी फिरतेय ते बघत उभं राहायचं, बोलायचं नंतर.

जुना_फोरमन

मी काय साधक बिधक नाही, फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये उभी हयात गेली. ओरडणं वेगळं आणि रागावणं वेगळं. मशीनवर चालू स्पिंडलकडं कुणाचा हात गेला तर ओरडायलाच पाहिजे, तिथं कसला श्वास बघताय. पण जॉब बिघडून गेल्यावर ओरडून बोअर लहान होतोय काय?

आणि दुसरं, ऑफसेट टाकल्यावर पहिला पीस चेक करून सही झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, हा नियम आहे काय तुमच्याकडं? नसला तर रोज नवीन भांडण आहे. अर्धा राग पार्टीचं पेमेंट अडकलंय त्याचा असतो, निघतो पोरावर, कारण पार्टीवर ओरडायची सोय नाही. कुणावर चिडलोय ते आधी बघा की.

सिस्टरबाई

फोरमनकाकांना दंडवत. आणि एक सांगायचं राहिलं, हे वाचून कुणी पहिल्यांदाच शिबिराला निघालं असेल आणि डिप्रेशनची किंवा फिटच्या झटक्याची औषधं चालू असतील, तर फॉर्मवर ते खरं लिहा, त्यासाठी वेगळा रकाना असतो, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच जा. गोळ्या परस्पर बंद करू नका.

उद्यमनगरवाला

काका, पेमेंटचं बरोबर पकडलंत, त्याच पार्टीचा जॉब होता तो. पहिल्या पीसचा कागद छापून मशीनला लटकवलाय. कान तापतात हे पण आज कळलं, कूलंटची गळती बघून तापले होते, म्हटलं बघूया, तर थोड्या वेळानं उतरले आणि मग पोराला नीट बोलता आलं, अर्थात गळती आहेच अजून. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं असतात त्याचं पुढचं आळत्याचं कुणाला माहीत असलं तर सांगा, एकट्यानं संध्याकाळची बैठक काय होत नाही. आणि आनापान दादा, बायकोनं तुमचा रिप्लाय वाचला, घरात मोठ्यानं वाचून दाखवला.