परसात शॉर्टवेव्ह रेडिओच्या अँटेनाची तार कशी ताणावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमचं परस जेमतेम ९ मीटर लांब आहे. ३१ मीटर बँड, म्हणजे साधारण ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ, नीट ऐकायचाय. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलला (मध्यभागी केबल जोडलेल्या सरळ अँटेनाला) सुमारे १५ मीटर तार लागते, ती सरळ बसत नाही. म्हणून नारळापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत आडवी आणि तिथून खाली उभी, अशी उलट्या ‘एल’सारखी तार लावायचं ठरवलंय. खाली तार आणि केबल यांचा मेळ घालणारा ९:१ चा ट्रान्सफॉर्मर, पुढे रेडिओपर्यंत आरजी-५८ ही कोॲक्सियल केबल. एलईडी दिव्यांची खरखर घरात फार येते, त्यामुळे अर्थिंगचा रॉड परसातच ठोकावा असं मला वाटतं. बरोबर आहे ना?

मुख्य काळजी नारळाची. वाऱ्यात तो बराच झुलतो. तार तुटू नये म्हणून कप्पी आणि वजन कोणी लावलंय का? वजन किती ठेवलंत? आणि वळवाच्या विजांमध्ये केबल रेडिओतून काढणं पुरतं का?